जुनं लाकडी घर घेऊन दुसरीकडे उभारायचं असेल तर

गावातलं एखादं जुनं घर विकायला निघालेलं असतं. सागवानी खांब, दाराला कोरीव गणेशपट्टी, मालकाला जागा मोकळी करून हवी असते आणि त्यानं सांगितलेली किंमत ऐकून वाटतं, उद्याच टेम्पो लावावा. जरा दमानं घ्या. लाकडाची किंमत हा या खर्चातला लहान आकडा असतो. उतरवणं, वाहणं, दुरुस्ती आणि पुन्हा उभारणं यांतच खरा पैसा आणि खरा जीव जातो. एक गोष्ट पहिल्यांदाच ठरवून टाका: जो सुतार घर उतरवणार, तोच ते उभारणार. ही सोय होत नसेल तर तुम्ही घर घेत नाही आहात, जुनं लाकूड घेताय. तेही वाईट नाही, पण मग भाव लाकडाचाच द्या.

आणि एक. जे घर आहे त्याच जागी दुरुस्त होऊन उभं राहू शकतं, मालकाचीही तशी इच्छा आहे, ते उचलायला जाऊ नये. वारसांमध्ये वाटण्या होऊन पडायला आलेली, रस्तारुंदीत किंवा नव्या इमारतीखाली जाणारी घरं पुष्कळ आहेत. ती घ्या.

कुठलं घर उचलता येतं

देशावरच्या वाड्यांत आणि जुन्या घरांत भार लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे तुळईला खालून धरणारा लाकडी आधार, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे आडवी बारीक लाकडं, कड्यांवर फळ्या. भिंत मधली जागा भरते आणि आडोसा करते. अशा घराचा सांगाडा सुटा होतो आणि पुन्हा जुळतो. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि माणसं त्यांच्याखाली गेली, पण बऱ्याच घरांचे लाकडी सांगाडे मागे उभे राहिलेले दिसले. घरात काय सुटं आहे आणि काय नाही, हे त्यावरून नीट कळतं.

कोकणात मात्र फसगत होते. तिथल्या बऱ्याच घरांत जांभ्याची भिंतच छप्पर पेलते आणि लाकूड असतं ते पडवीच्या खांबांत, माळ्यात आणि छपरात. अशा घरातून छप्पर, माळा, दारं-खिडक्या आणि पडवी येते, घर येत नाही. गोव्यातल्या जुन्या घरांचंही तेच. शिंपल्याच्या तावदानांच्या खिडक्या बघून जीव जातो, पण त्या खिडक्याच आहेत हे लक्षात ठेवून व्यवहार करा.

हवामानही बघा. मराठवाड्यातलं माळवदाचं घर, म्हणजे कड्या-फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छप्पर, कोरड्या प्रदेशाचं आहे. त्याचा सांगाडा कोकणात किंवा मावळात न्यायचा तर वर उतरतं छप्पर नव्यानं करावं लागेल, आणि ते वजन खांबांवर कसं बसेल याचा हिशेब वेगळा.

घर हलवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. धरणात गाव गेलं तेव्हा लोकांनी तुळया, दारं, कौलं उतरवून पुनर्वसनाच्या जागी नेली. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केले. मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी वसवलेल्या हस्तशिल्प वारसा ग्रामात मुधोळच्या घोरपड्यांच्या राजवाड्याचा दरबार हॉल आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडूच्या दक्षिणचित्रमध्ये केरळ आणि तमिळनाडूतून उतरवून आणलेली घरं आहेत. पैसे देण्याआधी यांतलं एक तरी ठिकाण बघून या आणि कोरीवकामापेक्षा सांधे बघा. जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं जोडलंय, हे शोधायला लागलात की नजर तयार होते.

आधी सुतार, मग घर

दारं-खिडक्या आणि स्वयंपाकघरातली कपाटं करणारा सुतार उत्तम असेल, पण हे त्याचं काम नाही. जुन्या देवळांची, वाड्यांची दुरुस्ती केलेला मिस्त्री शोधा. पुणे, वाई, सातारा, नाशिक भागांत अशी माणसं अजून मिळतात. आजूबाजूला कुठल्या देवळाच्या सभामंडपाचं काम नुकतं झालंय ते विचारा आणि त्या गुरवाकडून मिस्त्रीचा पत्ता काढा. केरळातलं घर आणायचं मनात असेल तर तिथले आशारी, म्हणजे सुतार, उतरवण्याबरोबर उभारायलाही येतील का, हे आधी ठरवा. त्यांची सांध्यांची पद्धत आपल्या सुताराला परकी असते.

सुताराबरोबर लाकडाचा हिशेब येणारा स्ट्रक्चरल इंजिनिअरही लागेल. बहुतेकांचा हात काँक्रीटवर बसलेला असतो. इमारतीच्या लाकडासाठी आयएस ८८३ हे भारतीय मानक आहे. ते माहीत आहे का, एवढा एक प्रश्न विचारलात की पुढचं कळतं.

सुताराला रोजंदारीवर घ्या. घर उतरवण्याचं काम उक्तं दिलंत की पहारी चालतात, कारण उक्तं घेणाऱ्याचा फायदा लवकर मोकळं होण्यात असतो. उभारणी हवी तर उक्ती द्या.

लाकूड बघताना

पहिल्या भेटीत कोरीवकामाकडे बघू नका. बरोबर बॅटरी, दाभण किंवा बारीक पेचकस, मोजपट्टी, छोटी हातोडी घ्या आणि तीन जागी जा: खांबाचा पाय, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आणि कौलं गळत असतील त्याच्या खालचे वासे. लाकूड सडतं ते इथंच.

खांबाच्या पायाशी दाभण टेकवून दाबा. धड सागवानात टोक जेमतेम शिरतं. सडलेल्यात ते बोटभर सहज आत जातं आणि निघताना काळपट, ओलसर चुरा घेऊन येतं. हातोडीनं खांबावर खालून वर ठोकत जा. धड लाकूड घट्ट वाजतं, वाळवीनं पोखरलेलं पोकळ. वाळवी वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक दिसत नाही, तिथं मालकाच्या परवानगीनं एक दगड किंवा वीट काढायला लावा. ते जमत नसेल तर भिंतीलगत अगदी बारीक भोक पाडा. कोरडा कीस निघाला तर बरं, काळी पूड आली तर ते टोक गेलंय असं धरून भाव करा.

कडीखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर त्याचा रंग बघा. ताजा, फिकट भुसा म्हणजे भुंगा आत जिवंत आहे. भोकं जुनी, कडा काळवंडलेल्या आणि भुसा नाही, तर तो केव्हाच गेलाय. स्वयंपाकघरातली धुरानं काळी झालेली लाकडं लोक नाकारतात. ती बहुधा आतून चांगली निघतात, काळं फक्त वरचं असतं.

जात ओळखणं सुतारावर सोडा, पण नावं माहीत असू द्यात. सागवान सगळ्यांना हवं असतं. शिसव मिळालं तर नशीब. कोकणात ऐन, किंजळ आणि फणस भरपूर असतो आणि त्याला नाक मुरडू नये. ऐन वजनाला जड, पण भार पेलण्यात कमी नाही. आंब्याच्या फळ्या मात्र कीड लवकर धरतात, त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका.

जुन्या तेलरंगाखाली काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही, मालकालाही. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० ही मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७पासून. म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. तो रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, तोंडाला चांगला मास्क बांधायचा आणि खरवड पिशवीत भरून लहान मुलांपासून लांब ठेवायची.

मोजमाप आणि भाव

जुन्या लाकडाचा बाजार घनफुटावर चालतो. चौरस लाकडाचा हिशेब सोपा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार करून १४४ने भागा. ८ बाय ८ इंचांचा ९ फुटी खांब ४ घनफूट भरतो. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो धरा, म्हणजे तो एकच खांब ७० किलोंच्या वर गेला. १० बाय ८ची १२ फुटी तुळई १२० किलोंच्या आसपास. हे आकडे पुढे माणसं आणि गाडी ठरवताना लागतील.

मालकाशी बोलताना घनफुटांची यादी करून बसा. "पाव्हणं, घर आजोबांच्या वेळचं हाय, त्याचं मोल करू नका" असं म्हणणारा मालकही यादी समोर आली की बोलायला तयार होतो. कुसलेली टोकं आणि पोखरलेले वासे त्याच्यासमोरच वजा करा. कौलांचा भाव वेगळा ठेवा. मंगळुरी कौल असेल तर एक उलटं करून मागचा शिक्का बघा. मंगळूरला बासेल मिशननं १८६५मध्ये कारखाना काढल्यापासून किती तरी कारखान्यांनी ही कौलं केली आणि मापं थोडी थोडी वेगळी आहेत. वेगवेगळ्या शिक्क्यांची कौलं एका पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, नीट बसत नाहीत. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, त्यावर फुटीसाठी काही जास्त धरा.

गृहकर्ज मिळेल असं गृहीत धरू नका. बँक जमीन आणि मंजूर नकाशा बघते, रचून ठेवलेल्या तुळया नाही.

कागद

हा कंटाळवाणा भाग आहे आणि इथंच व्यवहार अडकतात.

विकणाऱ्याचं नाव घरपट्टीच्या उताऱ्यावर आहे का बघा, म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. शहरात असेल तर मालमत्ता पत्रक. जुन्या घरावर पाच-सात वारस असणं नेहमीचं. गावात राहणारा भाऊ "सगळ्यांचं एकच म्हणणं आहे" असं सांगतो, पण मुंबईच्या बहिणीची सही नसते. सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय विसार देऊ नका. घरात कूळ किंवा भाडेकरू असेल, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल, तर तोही कागद आधी.

करार मुद्रांकावर करा आणि त्यात स्पष्ट लिहा की जमीन विकत घेतलेली नाही, उतरवून नेण्याचं साहित्य घेतलंय. ते कधीपर्यंत उतरवायचं, जोत्याचे दगड कुणाचे, भिंतीत काही सापडलं तर कुणाचं, पडझडीत कुणाला लागलं तर जबाबदारी कुणाची, राडारोडा कोण उचलणार. भिंतीत पितळी भांडं निघालं म्हणून महिनाभर काम थांबलेलं असतं. घर पाडल्याची नोंद ग्रामपंचायतीत मालकानंच करायची आहे, नाहीतर त्याच्या नावे घरपट्टी चालूच राहते आणि फोन तुम्हाला येतात.

घर वारसा यादीत आहे का, ते पालिकेत विचारा. असेल तर विषय संपला. कोरीव तुकड्यांसाठी १९७२चा पुरावशेष आणि कलासंपत्ती कायदा लक्षात ठेवा. १०० वर्षांहून जुनी, इमारतीपासून सुटी केलेली वस्तू त्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीतल्या दिवाणखान्यासाठी वाड्याचा दरवाजा शोधणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे आधीच सांगून टाका.

लाकूड वाहून नेण्याचे नियम राज्यांनी १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१खाली केलेले आहेत. जुन्या घराचं लाकूड आहे म्हणून नाक्यावर कुणी सोडेल असं नाही. सागवानानं भरलेली गाडी ती सागवानानं भरलेलीच दिसते. गाडी भरण्याच्या बरीच आधी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात जा. करारनामा, घरपट्टीचा उतारा, उभ्या घराचे फोटो आणि लाकडांची मापासह यादी अर्जाला जोडा आणि परवाना लागतो की नाही, हे लेखी घ्या. परराज्यातून आणणार असाल तर डिसेंबर २०२३मध्ये देशभर सुरू झालेली राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली आहे, तिथं अर्ज करता येतो.

आता तुमच्या जागेचं. शेतजमीन असेल तर 'लाकडी घर आहे, पक्कं बांधकाम थोडंच' हा युक्तिवाद चालत नाही. गावठाणाबाहेर बिगरशेती वापराचे किंवा शेतघराचे नियम, मंजूर नकाशा हे सगळं लागतंच. समुद्राकाठी सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरानच्या आसपास पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध. नकाशा मंजूर होईपर्यंत घर उतरवायला घेऊ नका. उतरवलेलं लाकूड ताडपत्रीखाली वर्षभर पडून राहिलं की वाळवीला सापडतं.

आकडे घालणं

घर उभं असताना त्याचा नकाशा काढा. मजल्याचा एक, चारही बाजूंचे चार, आणि मधोमध कापल्यासारखा एक. प्रत्येक खांब-तुळईचं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. जुनी घरं काटकोनात नसतात, तेव्हा दोन्ही कर्णही मोजा. नवं जोतं काटकोनात केलं आणि सांगाडा दोन इंच तिरका निघाला तर एकही कुसू, म्हणजे सांध्यात बसणारी लाकडाच्या टोकाची जीभ, भोकात बसणार नाही.

मग खुणा. नकाशावर उभ्या ओळींना क, ख, ग आणि आडव्या ओळींना १, २, ३ द्या. ख-२ म्हणजे एकच खांब. ख-२ ते ख-३ही एकच तुळई. खडूनं लिहिलेलं पुसतं, रंगानं लिहिलेलं तासताना जातं. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या चकत्यांवर ठोकून अक्षरं काढा आणि एक चकती सांध्याच्या आत झाकली जाईल अशा जागी पितळी चुकेनं लावा. त्याच जागी तासणीनं एक बाण कोरा, तो नेहमी उत्तरेकडे. खांबाची कुठली बाजू कुणीकडे होती, हे विसरलं जातं. चारही बाजू सारख्या दिसतात आणि हस्त मात्र एकाच बाजूनं बसतो.

मिस्त्री म्हणेल, "साहेब, आकडे कशाला? माझ्या डोक्यात सगळं हाय." असेलही. तो गावी गेला, आजारी पडला, मध्ये पावसाळा आला, तर ते डोकं तुमच्याजवळ नसेल. आकडे घाला.

फोटो काढताना चकती फोटोत दिसू द्या. आणि सांधा उघडतानाचा व्हिडिओ घ्या, कारण कुठली पाचर कुठून ठोकलेली होती हे फोटोत कळत नाही.

उतरवणं

हंगाम दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात फुगलेलं कुसू भोकात आवळून बसतं, ते सुकायला थंडीचे काही दिवस जावे लागतात. कौलं उतरवताना पहिल्या दिवशी साप-विंचवाची तयारी ठेवा. काठीनं कौल उचलून बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. घरात वटवाघळं असतील तर त्यांच्या विष्ठेची धूळ उडते, मास्क लागतोच.

क्रम उभारणीच्या उलटा. कौलं, रिपा, वासे, आढं. मग माळ्याच्या फळ्या आणि कड्या. भिंती काढायच्या आधी सांगाड्याला दोन्ही दिशांनी तिरपे बांबू बांधून घ्या. इतकी वर्षं भिंतींनी त्याला डोलू दिलेलं नसतं, त्या निघाल्या की तो एका बाजूला कलू शकतो. चौकटी भिंतीबरोबर सुट्या होतात, त्या मोकळ्या झाल्या की आत आडवी आणि कर्णावर पट्टी ठोका, नाहीतर गाडीत पिचतात. शेवटी तुळया, हस्त, खांब आणि तळखडे. तळखडे न्यायला विसरू नका. खांबाच्या पायाचं माप त्यांच्यावरच्या खाचेत असतं.

सांधा उघडणं हे सगळ्यांत नाजूक काम आहे. खुंटी एका टोकाला किंचित बारीक असते. बारीक टोकाकडून ठोकली तरच ती बाहेर येते, जाड टोकाकडून ठोकलीत तर आणखी आवळते. कुठलं टोक बारीक आहे ते दिसत नसेल तर दोन्हीकडची धूळ आणि रंग साफ करा आणि व्यास मोजा. खुंटी हलत नसेल तर तिच्यातूनच भोक पाडून ती फोडून काढा. खुंटी दुसरी घडवता येते, तुळई नाही. तुळई वर उचलायला दोन्ही टोकांना जॅक लावून एका वेळी बोटभर वर घ्या. एकच टोक उचललंत तर दुसऱ्या टोकाचं कुसू मोडतं. लोखंडी हातोडा थेट लाकडावर पडता कामा नये, मध्ये लाकडी ठोकळा धरा. जुने घडीव खिळे ओढून काढताना वाकले तरी टाकू नका, दारांच्या दुरुस्तीला तेच शोभतात.

गाडी

जास्तीत जास्त लांब तुळई मोजा आणि मग गाडी बघा. १७ फुटी आयशरमध्ये १८ फुटी तुळई आडवी-तिरपी घालायला गेलात की घाटात पोलीस थांबवतात. जी लाकडं आधी लागणार ती शेवटी भरायची, म्हणजे खांब वर आणि वासे खाली. कौलं उभी लावून मध्ये गवताचा पेंढा भरा. एका गाडीच्या यादीची एक प्रत चालकाजवळ आणि एक तुमच्याजवळ, दोन्हींवर सही. परवान्याची मूळ प्रत गाडीतच.

औषध आणि दुरुस्ती

लाकूड उतरल्यावर जमिनीवर टाकू नका. विटांच्या ओळींवर, प्रत्येक थरामध्ये रिपा घालून, हवा खेळेल असं रचा. वर पत्रा. ताडपत्रीनं चारी बाजू बांधून टाकल्या की आत दमट होतं आणि बुरशी धरते.

खरवडून साफ झालेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं द्रावण पाजतात. भुंगा आणि वाळवी दोन्हींवर ते चालतं, पण पाण्यात धुऊन जातं, म्हणून आतल्या लाकडालाच. बाहेरच्या पडवीला, वाशांच्या टोकांना जवसाचं तेल. कोकणात काजूच्या टरफलांचं तेलही लावतात आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मात्र ते अंगावर उडालं की बिब्ब्यासारखं उततं. हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि लहान पोरांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका.

कुसलेला खांबाचा पाय कापून त्याच जातीच्या जुन्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्यानं जोडतात. नवं सागवान लावलंत तर वर्षभरात ते आक्रसतं आणि सांधा उघडतो. कुसलेपणा थोडा असेल तर जोडूच नका, तेवढं कापून खालचा दगड उंच घ्या. पोकळ झालेल्या खांबात सिमेंट किंवा राळ ओतून तो 'भक्कम' करून देणारे लोक भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. ओल आत अडकते आणि उरलेला खांबही जातो.

नवं जोतं

जोतं करण्याआधी मातीला वाळवीचं औषध द्या. आयएस ६३१३ या मानकात त्याची पद्धत आणि औषधं दिली आहेत. कंत्राटदाराला 'त्याप्रमाणे' एवढं लेखी मागा. जोतं भोवतालच्या जमिनीपासून निदान दोन फूट वर असावं. कोकणात जास्तच.

खांब काँक्रीटमध्ये पुरायचा नाही. आरसीसीवाला गवंडी तसं करायला बघतो, कारण त्याला खांब म्हणजे पुरायचीच वस्तू वाटते. तळखडा पक्क्या पायावर बसवा, खांब त्यावर मोकळा उभा राहू द्या आणि पाय पाण्यात राहणार नाही अशी दगडाला किंचित उतरण ठेवा. जुन्या घरांची दारं आणि माळे ठेंगणे असतात. उंची हवी असेल तर खांबाला तुकडा न जोडता वीतभर उंच तळखडा घ्या. त्याहून जास्त हवं असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

उभारणी

पहिले चार खांब आणि त्यांच्यावरच्या तुळया उभ्या राहिल्या की काम मार्गी लागतं. सगळे सांधे आधी सैल बसवा. पूर्ण सांगाडा उभा राहून ओळंब्यात आला की मगच खुंट्या आणि पाचरी ठोका. एका कोपऱ्यापासून घट्ट करत गेलात तर दुसऱ्या कोपऱ्याशी तुळई तोकडी पडते आणि दोष सुताराला मिळतो. जिथं लोखंड लावणं भाग आहे तिथं स्टेनलेस स्टील घ्या. साधं लोखंड ओल्या लाकडाला काळे डाग पाडतं आणि स्वतःही गंजतं.

छपराचा मूळ उतार बदलू नका. रिपांमधलं अंतर कौलांवरूनच काढा, नकाशावरून नाही. पागोळ्या जोत्यापासून चांगल्या लांब पडतील एवढं छप्पर पुढं काढा. आणि कौलं मृगाच्या आधी चढली पाहिजेत, म्हणजे ७ जूनच्या. हिशेब तिथून मागं करत आणा: उभारणी फाल्गुन-चैत्रात, जोतं त्याआधी, उतरवणं पौषाच्या सुमारास. यात महिना इकडचा तिकडे झाला की त्या वर्षी काम थांबवून लाकूड झाकून ठेवा. अर्धवट सांगाडा पावसात उभा ठेवण्यात शहाणपण नाही.

भिंती सांगाड्याला चिकटवून जखडू नका. जांभा, वीट किंवा कुडाची, कुठलीही चालेल, पण हलकी आणि अधूनमधून आडव्या लाकडानं बांधलेली. तुळईचं टोक भिंतीत जात असेल तिथं सभोवती बोटभर हवा ठेवा.

संडास, न्हाणीघर आणि नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर लाकडी सांगाड्याच्या बाहेर, मागच्या अंगाला वेगळ्या पक्क्या बांधकामात काढा. पाइप कधी तरी गळणारच, आणि तो खांबाजवळ गळू नये. विजेच्या तारा नळीतून, कड्यांच्या वरच्या अंगानं न्या. तुळईला मधोमध भोक पाडून पंखा लटकवणारा इलेक्ट्रिशियन काम संपेपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका. विजेची जमिनीत गळती झाली की प्रवाह तोडणारं आरसीसीबी लाकडी घरात हवंच.

पहिल्या पावसात घरात राहा किंवा रोज कुणाला तरी पाठवा. कुठं ठिबकतंय ते खडूनं वाशावर खूण करून ठेवा, कौलं पाऊस संपल्यावर सारखी करता येतात. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड नव्या हवेला सरावून थोडं आक्रसलेलं असतं, तेव्हा मिस्त्रीला दोन दिवस बोलावून सगळ्या पाचरी पुन्हा ठोकून घ्या. त्याचे पैसे पहिल्याच ठरावात धरलेले असले तर तो येतो.